ढवळी गप्प का झाली

अहो,

ढवळीला औषध पाजू नका, ती आजारी नाही. उकाड्याने धापा टाकतेय. भर उन्हात शेळी चाऱ्याला तोंड लावत नाही, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात ऊष्मा वाढतो. तिला हे कळतं, आपल्याला सांगावं लागतं. चारा दिवस कलल्यावर टाका. पाण्याची बादली मात्र सारखी भरलेली असू दे, आणि सावलीत.

चोरांच्या धास्तीने तुम्ही गोठ्याच्या खिडकीवर पत्रा ठोकलात, तो मी आत्ताच उचकटलाय. रागावायचं तर खुशाल रागवा. वर पत्रा, चहूबाजूंनी पत्रा, मग वारा शिरणार कुठून? चोराच्या हाती काय, मेलेल्या शेळ्या लागल्या असत्या.

परवा त्या ओरडत होत्या. काल गप्प झाल्या, तर तुम्ही म्हणालात, "बघ, झाली की नाही सवय!" सवय कसली हो? धाप लागली की ओरडायला दम उरत नाही. रस्त्यावरचे बघतात म्हणून आपल्या खोलीची खिडकी बुजवलीत, तेव्हा माझ्याबद्दलही हेच म्हणाला होतात.

मी ताईकडे चाललेय. कपड्यांची पिशवी नेतेय, ते तुम्हाला दिसेलच.

संध्याकाळी दूध काढायला परत येईन. ढवळी दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर मी पिशवी भरायला घेतली की तुम्ही अडवत नाही, नुसते हसता.