वकील नको

५ मार्च, बुधवार
रमजान. सकाळपासून ना कॉफी ना सिगारेट, डोकं नुसतं भणभणतंय! त्यात ही नौफेलची वकीलबाई, इब्तिहाल. चौकीत शिरली आणि माझ्या टेबलावर दोन कागद आपटले. "नौफेलला तुम्ही पकडलं दहा चाळीसला. आणि 'मला वकील नको' या कागदावर वेळ आहे दहा पाच. पकडायच्या आधीच त्याला वकील नको झाला होता का?"
मी म्हटलं, साहेबांना विचारा.

६ मार्च
इथे लिहायला काय हरकत आहे? कोण वाचतंय! रमजानात दोनला सुटी होते, म्हणून मी सकाळीच कागद छापून ठेवतो; छापल्याची वेळ संगणकच टाकतो. माणूस आला की नाव भरायचं, सही घ्यायची. वकील नको, हे वाक्य त्यात आधीच असतं. पहिल्या तासापासून वकील मिळायला हवा, असं कायद्यात आहे — आमच्या भिंतीवर चिकटवलंयसुद्धा! पण वकील यायला दोन तास लावतात आणि आमचे चौकीप्रमुख शाकेर साहेब, त्यांना तेवढा दम कुठला. नौफेलने न वाचता सही केली. संध्याकाळपर्यंत तांब्याची वायर चोरल्याची कबुलीही दिली. खटला तेवढ्यावरच उभा आहे. दुसरा पुरावा काडीचा नाही.

१० मार्च
बाजारात नौफेलची आई भेटली. त्याला द्यायची जेवणाची टोपली हातात. "तुम्ही चौकीतले ना? त्याला म्हणावं, हरिसाची तिखट चटणी कमी घातलीय. त्याच्या पोटाला सोसत नाही." तो आता आमच्याकडे नाही, तुरुंगात आहे, हेही तिला कुणी सांगितलं नसावं. मी "हो हो" म्हणून पळालो. चक्क पळालो!

१३ मार्च
शाकेर साहेबांनी बोलावलं. "कोर्टात सांग, संगणकाचं घड्याळ मागे पडलं होतं. बस्स, विषय संपला."
"लमीन, पेन्शनला किती राहिलं रे तुझं?"
चौदा महिने. त्यांना चांगलं माहीत आहे.
घरी बायकोला, दलीलाला सांगितलं. ती सूप ढवळत होती. "अहो, घड्याळं पडतात की मागे!" मग जरा वेळाने, "त्या पोराला किती वर्षं होतील?" पाच, म्हटलं. सुपात मीठ दोनदा पडलं.

१७ मार्च
उद्या साक्ष. दाढी करताना दोन ठिकाणी कापलं.

१८ मार्च, मंगळवार
सांगून टाकलं!
न्यायाधीश राजधानीतून, ट्यूनिसहून नवीनच आलेत. विचारलं, "घड्याळ मागे होतं का?" माझ्या तोंडाला कोरड. रोजा की भीती, कोण जाणे. म्हटलं, "घड्याळ बरोबर होतं, साहेब. कागद मी आधीच छापला होता. त्याला कुणी विचारलंच नाही."
कबुली रद्द. नौफेल सुटला! त्याची आई दारातच मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडली. शाकेर साहेब माझ्याकडे न बघता गाडीत बसले. पेन्शन गेली तर गेली! किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं. रोजा सोडताना दलीलाने न मागता अंडं भरून तळलेली दुसरी ब्रिक वाढली.

२० मार्च, गुरुवार
दुपारी इब्तिहालबाई घरी आल्या. मला वाटलं, आभार मानायला. खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत. "ते वाक्य कागदात आधीच छापलेलं कधीपासून आहे?"
कायदा आला तेव्हापासून. नऊ वर्षं.
"आणि त्या कागदावर सही करून आत गेलेले?"
मी नावं सांगायला लागलो, त्या लिहीत गेल्या. रोजा सुटायची तोफ झाली, तरी नावं संपली नव्हती.