आपल्या खोऱ्याची जागा

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

सुखरूप पोचलो. खोलीला खिडकी आहे, जेवण वेळेवर मिळतं, खोकलाही कमी आहे. आईला एवढंच वाचून दाखव.

पुढचं तुझ्यापुरतं. ‘फेरवाटप म्हणजे नक्की काय रे?’ असं तू निघताना विचारलंस आणि मी घाईत टाळलं. माणसांची नवी गणती झाली, की विधानसभेच्या आहेत तेवढ्याच जागा नव्याने वाटायच्या, ते फेरवाटप. माणसं वाढली तिथे जागा वाढते, घटली तिथली जाते. इथे कुणी ‘जागा काढून घेतली’ म्हणत नाही. ‘फेरवाटप झालं’ म्हणतात आणि कागद पुढे सरकवतात.

आपल्या खोऱ्याची जागा गेली, ताई.

फेरवाटप करणाऱ्या आयोगापुढे मी तासभर बोललो, टेबलावर मूठ आपटली. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, बोलता छान. पण गणतीच्या वेळी तुमच्याकडची निम्मी घरं बंद होती. माणसं गेली कुठे होती?”

माणसं घरातच होती, ताई, दारं लावून. ‘रस्ता मिळेपर्यंत गणतीला दार उघडू नका,’ हे चौकातलं भाषण माझंच. आणि तू शाळा सुटल्यावर गणतीची वही घेऊन उन्हात दारोदार फिरत होतीस. टाचा अजून दुखतात का गं?

शनिवारी येतोय. चौकात लोकांना बोलावून ठेव, हे त्यांना मीच सांगणार. पण आधी तुझ्याकडे येईन. गणतीच्या दिवशी सगळ्यांनी पाहावं म्हणून तुझ्या तोंडावर पहिलं दार मीच लावलं होतं.

तुझा अपराधी,
धाकटा