श्रावणात हात न उगारण्याचा नेम

५ ऑगस्ट, मंगळवार, एकादशी
आलं: शेजारच्या सुखीबाईकडून गावरान अंडी बारा, १४४ रु. पंधराच्या भावानं देत होती, बारावर आणली. थर्मोकोलचा डबा मेडिकलवाल्याकडून फुकट. बल्ब जुनाच.
अंडी आमच्या निकितासाठी. एमएस्सीचा प्रोजेक्ट. कॉलेजचं अंडी उबवायचं मशीन बिघडलं. गुरुवारी मी बल्ब लावायचा, शुक्रवारी ती नेणार. सोमवारी सरांना दाखवलं नाही तर वर्ष गेलं.
तिनं फोनवर समजावलं. पिल्लू आधी सपाट पापुद्रा असतं. त्यातल्या पेशी एका टोकाला नाडी ओढल्यासारख्या आवळतात. मग पापुद्रा वाकतो, काठ वर येतात, जुळून नळी होते. त्या नळीचा मेंदू अन् पाठीतली दोरी. बाहेरून कोणी वाकवत नाही. मी मॅट्रिक आहे, कळलं. पटलं नाही. दाबल्याशिवाय करंजीही मिटत नाही.
अंड्यांना धक्का नको, म्हणाली. माझा श्रावणाचा नेम आहेच, कोणावर हात उगारायचा नाही. सोपं आहे.

६ ऑगस्ट, बुधवार
श्रावणात अंडं घरात नको. डबा गोठ्यात. हे म्हणाले, तिथं सुखीबाईचा कोंबडा मोकाट हाये. म्हटलं, मी आहे ना.
यांना लाटणं लागलं. उगारलं नव्हतं, सुटलं. नेम शाबूत.

७ ऑगस्ट, गुरुवार
सकाळीच बल्ब लावला. कोंबडा आला. माझी पोटरी फोडली, रक्ताची धार. मान धरून भिंतीवर आपटला, मेला नाही. जनावरं नेमात मोजत नाहीत.
सुखीबाई आली. म्हणे, बाप आपले लेकरं पाह्यले आला, तुमाले काहून जळते? मी खराटा घेतला, तो झाडायला. तिनं माझे केस धरले. तिचा ओठ फुटला. मी शांत होते. हेही म्हणाले, शांतच होती तू. दाराआडून म्हणाले.

८ ऑगस्ट, शुक्रवार, जिवतीची पूजा
लेकराच्या आयुष्यासाठी आरती चालू, अन् गोठ्यात फडफड. कोंबडा डब्यावर. मुसळ घेतलं. एकच वार, मग नेम पुन्हा सुरू. सगळी ताकद लावली.
कोंबडा उडाला.
निकिता दुपारच्या जीपनं आली. डब्यात पाहिलं. म्हणाली, आई, मलेही असंच वळण लावलं तू. पुरण तसंच टाकून गेली.

संध्याकाळी
गवतात एक अंडं शाबूत सापडलं. निकिताचं भिंग राहिलं होतं. अंडं वाटीत फोडलं. घरात, समईजवळ. पिवळ्यावर शेवईच्या तुकड्याएवढी पांढरी रेघ. भिंगातून दोन काठ दिसले. वर आलेले, एकमेकांकडे झुकलेले, मध्ये फट. कोणाचाच हात लागलेला नव्हता.

१० ऑगस्ट, रविवार
निकिता फोन उचलत नाही. उद्या कार्ड टाकायचं, ते असं:
चि. निकितास आशीर्वाद. सरांना सांग, अंडी आईनं फोडली. कोंबड्याचं नाव घेऊ नको. सुखीबाई पुन्हा डझन द्यायला तयार आहे, पंधराच्या भावानं. पण डबा तिच्याच घरी राहील म्हणते. बाई, तुमी फक्त पैसे द्या, हात लावू नका. मी हो म्हटलं. सरांनी मुदत वाढवली का, अन् तू येशील का, उलट टपाली कळव.