तीन वाजताचं स्टूल

५ एप्रिल, शनिवार

टोपीवाले आजही आले. तीनच्या ठोक्याला. काउंटरच्या कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी धरलं आणि शेजारच्या स्टुलावर स्वतःची राखाडी टोपी ठेवली. त्यांच्यापुढे बीअर, आणि टोपीपुढे खरबुजाचा हिरवा सोडा, वर आइस्क्रीमचा गोळा. आमच्याकडे त्या सोड्यात शोचू घालतात, पोरापोरींना तीच गोड दारू हवी असते. पण त्यांनी वाढणाऱ्या मिओरीला हात दाखवून थांबवलं. "त्यात काही घालू नकोस, पोरी. साधाच दे."

सोड्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. आइस्क्रीम विरघळून सगळं दुधाळ हिरवं झालं. मग उठले, टोपी घातली, गेले.

बाहेर ही रांग! रेइजीचा सगळा जीव त्या रिकाम्या स्टुलात. "तोकिए मावशी, शनिवारच्या दुपारी अख्ख्या तेनमा भागात टोपीला जागा देणारं आपलंच दुकान असेल."

म्हटलं, "टोपी निदान आरडाओरडा तरी करत नाही." हसत आत गेला. मालक आहे माझा, पण वयाने भाच्याएवढा. ऐकतो, हे त्याचं चांगलं आहे.

८ एप्रिल, मंगळवार

रेइजीने पत्र्याची नवी पाटी आज दारावर लावली. 'हिनोदे – सार्वजनिक मद्यालय', जुन्या वळणाची अक्षरं. दुकान जुनं दिसावं म्हणून त्याआधी आठवडाभर गच्चीत मीठ आणि व्हिनेगर चोळून तिला गंज आणला म्हणे. नवी कोरी पाटी! माझ्या सासूने हे पाहिलं असतं तर त्याला बदडलं असतं.

नारिंगी फुलांचे ग्लास, लग्नात आलेले, मी घर आवरताना भंगारात दिले. तस्सेच हा कुठून कुठून शोधून आणतो. लाल सॉसेज चिरून त्याला ऑक्टोपसचा आकार दिला की मुली आधी फोटो काढतात, मग खातात. आम्हाला डब्यात ते मिळायचं, कारण मांस परवडत नव्हतं. आमची गरिबी फोटोत छान येते!

हसते मी, पण इथे बरं वाटतं. हे गेल्यावर घरात भांड्याचा आवाज यायचा थांबला होता. इथे दुपारी बारापासून कलकल असते. कुणी ना कुणी "मावशी, बटाट्याचं सॅलड अजून" म्हणतं.

१२ एप्रिल, शनिवार

आज कळलं.

मांस-टोफूचं पातेलं त्यांच्यासमोरच होतं, ढवळता ढवळता विचारलं, "सोडा कुणासाठी हो?"

ते म्हणाले, "मुलीसाठी. लहान होती तेव्हा हाच मागवायची. बोनसच्या रविवारी डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर जायचो, आम्ही तिघं. तिच्यापुढे हा ग्लास यायचा."

मागवायची. यायचा. मी पळी खाली ठेवली. म्हटलं, "फार वाईट झालं."

"हो, फार वाईट झालं. चूक माझी होती."

पुढे विचारवेना. त्यांनी बीअर उचलली, हिरव्या ग्लासाकडे जराशी कलती केली, पण ग्लासाला ग्लास लावला नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने पितो तेव्हा आपण लावत नाही, तसंच.

आडनाव उराबे. लेथवर काम करायचे, डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक गेलंय. मिओरीला आणि रेइजीला मागच्या बाजूला नेऊन सांगितलं. मिओरी रडलीच. रेइजी इतका वेळ हातातल्या फडक्याशी चाळा करत होता. म्हणाला, "शनिवारी ते स्टूल कुणाला द्यायचं नाही. मावशी, तुमच्यावर सोपवलं."

१३ एप्रिल, रविवार

सकाळी यांच्या तसबिरीपुढे भाताची वाटी ठेवली. त्या मुलीचंही नाव घ्यावंसं वाटलं. नाव विचारायचं राहिलं.

१९ एप्रिल, शनिवार

आज हिरव्या ग्लासाशेजारी बटाट्याच्या सॅलडची छोटी बशी ठेवली आणि हात जोडले. उराबे चमकले. मग त्यांनीही मान लववली. "तुम्ही फार करता हो," म्हणाले.

मागच्या टेबलावर कॉलेजच्या मुलांनी "कानपाई" ओरडत ग्लासाला ग्लास आपटून घर डोक्यावर घेतलं, तर मिओरी त्यांना "श्श, श्श" करत धावली. ती पोरं बिचारी पुढे कुजबुजतच प्यायली. मद्यालयात कुजबुजत पिणारी टोळी पहिल्यांदाच पाहिली मी.

पण मनाला समाधान वाटलं. त्या पोरीला निदान एक जागा आहे.

२६ एप्रिल, शनिवार

उराबेंना आज उशीर झाला. लोकल मध्येच कुठेतरी उभी होती. मी स्टुलावर पाटी ठेवली होती, 'राखीव'.

तीनला एक बाई आली. तिशीची असेल, आखूड केस, खांद्याला मोठी पिशवी. दारातच उभी राहिली, आत येऊ का नको असं. मग सरळ त्या स्टुलाकडे. "इथे बसू?"

म्हटलं, "बाई गं, ही जागा नको. दुसरी देते." हळू आवाजात सांगितलं, की एक गृहस्थ दर शनिवारी येतात, त्यांची मुलगी वारली, तिच्यासाठी सोडा ठेवतात.

"कोण गृहस्थ?" विचारलं तिने.

"राखाडी टोपी असते. लेथवर होते."

"मुलगी वारली, असं ते म्हणतात?"

"म्हणजे काय, दर शनिवारी तिच्या नावाने पितात."

तिने पिशवी खांद्यावर सावरली. मग "अस्सं" म्हणाली आणि गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही. किती हळवी मुलगी, मला वाटलं.

उराबे धापा टाकत आले ते ती गेल्यावर थोड्याच वेळाने.

३ मे, शनिवार

मी काय करून बसले!

सुट्ट्यांचा आठवडा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. उराबे आले ते चेहरा पाडूनच. बीअरही मागवली नाही. म्हणाले, "बहिणीचा फोन आला. ती येऊन गेली म्हणे. गेल्याच शनिवारी, मी गाडीत अडकलो तेव्हा."

"कोण?"

"मुलगी. चिगुसा."

हातातली पळी पातेल्यात गेली.

ते बोलतच होते. हिवाळ्यात बहिणीकडे तिने निरोप ठेवला होता: 'तेनमातल्या हिनोदेत शनिवारी तीनला या. मी कुठल्या शनिवारी येईन ते सांगत नाही. जेव्हा येईन तेव्हा तुम्ही बसलेले दिसलात तर बसेन.' "म्हणून येत होतो. आता म्हणते, पुन्हा येणार नाही. काय झालं कुणास ठाऊक."

मला ठाऊक होतं. मी बटाट्याचं सॅलड भरायला वळले. गिऱ्हाइकांचा गोंधळ होता, ते निमित्त झालं. खरं म्हणजे मी घाबरले.

४ मे, रविवार

झोप नाही. आमची सासू, हे सहा महिने जहाजावर असायचे तेव्हा रोज यांच्या नावाचं ताट मांडायची. दूर गेलेला माणूस उपाशी राहू नये म्हणून. जिवंत माणसासाठी! मी स्वतः त्या वाटीवर झाकण ठेवलेलं आहे. तरी मला दिसलं ते मरणच. दोन वर्षं तसबिरीपुढे भात ठेवून ठेवून मला दुसरं काही दिसेनासं झालंय.

१० मे, शनिवार

सांगितलं. त्यांना मागच्या दाराशी नेलं, बीअरच्या क्रेटवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ओरडतील, निदान उठून जातील, असं वाटलं होतं.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "सात वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आली. हातात बॅग. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, परत जा. दारातूनच पाठवली. तिची आई असती तर हाताला धरून आत घेतली असती, पण ती आधीच गेली होती."

मी म्हटलं, "मीही दारातूनच पाठवली हो तिला."

"तुम्ही तिचीच जागा राखायची म्हणून तिला पाठवलीत, मावशी. माझ्या घरात जागा होती."

मला रडू आवरेना. वर तेच मला रुमाल देतात!

१३ मे, मंगळवार

बहिणीने चिगुसाला समजावून पाहिलं. तिचं उत्तर, "स्वयंपाकीणबाई स्वतःच्या मनाने असं बोलेल का? बाबाच बोलले असणार." तिचं काय चुकलं? माझ्यासारखी मूर्ख बाई जगात असेल हे तिला कसं सुचावं?

मिओरी म्हणाली, "मावशी, तिने आपलं दुकान निवडलं म्हणजे दुकानाचे नेटवरचे फोटो बघत असणार. तुम्ही लिहा, मी टाकते."

फोटोत रिकामं स्टूल, पुढे हिरवा सोडा. रेइजीने भिंतीवरच्या पदार्थांच्या पट्ट्या लिहितो तसल्या कागदावर माझा मजकूर ब्रशने लिहिला: "चूक स्वयंपाकघरातल्या तोकिएची. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. ते वाट बघत होते. अजून बघतात. शनिवार, तीन." त्याने विचारलं, "मावशी, तुमचं नाव खरंच घालू?" म्हटलं, "मोठ्या अक्षरात घाल."

१७ मे, शनिवार

आली नाही.

पण रांगेतली माणसं आत आली आणि एकही त्या स्टुलाला टेकलं नाही. दोन मुली भिंतीला टेकून उभ्याउभ्या प्यायल्या. एकीला म्हटलं, "पाय दुखतील गं," तर म्हणाली, "असू दे मावशी, आम्हाला सवय आहे." बाकी कुणी काही विचारलंही नाही. या पोरांना मी उगाच नावं ठेवते.

२४ मे, शनिवार

नाही आली.

३१ मे, शनिवार

उराबे म्हणाले, "आता पुरे करतो. सगळे माझ्याकडे बघतात. मुलांच्या मजेच्या जागी मी सुतकी तोंड करून बसायचं, बरं नाही दिसत."

मला राग आला. "सात वर्षं तिने बाहेर काढली आणि तुम्हाला चार महिन्यांत कंटाळा? तिने सांगितलंय ना, बसलेले दिसलात तर बसेन? मग बसा. तुमचं काम फक्त बसायचं आहे."

रेइजी आतून ओरडला, "आजोबा, मावशीशी वाद घालू नका, मी मालक असून घालत नाही!"

हसले. पहिल्यांदाच दात दिसले त्यांचे. पण पुढच्या शनिवारी येईन असं काही म्हणाले नाहीत.

७ जून, शनिवार

आले. आणि तीनला चिगुसाही आली. टोपी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बसली. मी सोडा पुढे ठेवला.

तिने ग्लासाकडे बघितलं. "बाबा, मला हा कधीच आवडायचा नाही. दात शिवशिवायचे. आई माझ्या नावाने मागवायची. मोठ्या बाईने हे कसं मागायचं, म्हणून. तुम्ही पैसे द्यायला उठलात की ती प्यायची."

उराबे त्या ग्लासाकडे बघत राहिले. मग तोंड झाकून रडले. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

रेइजीने कुणी न सांगता आणखी एक स्टूल आणलं, तिच्या पलीकडे ठेवलं, आणि ग्लास त्याच्यापुढे सरकवला.