डबा वाजवणारी बाई

मायले रचनाचा जय भीम.

मी बरी आहे. बाबाले सांग, पुण्यात गेम खेळून नाही राहिली, बनवाचं शिकून राहिली. गेमच्या कंपनीत कोणी चित्रं काढते, कोणी खेळाचे नियम ठरवते. मले नियमाचं काम पाहिजे. भेटंल म्हणतात.

माझ्या गेममध्ये एक बाई पहाटे मोहफुलं वेचाले जाते. तुझ्यासारखी डबा वाजवत जाते, म्हणून अस्वल दूर राहते. सर म्हणाले, डबा काढ, खेळ फार सोपा होते. काढला. मंग अस्वल आलं, बाईवर धावलं, वर्गातली पोरं खदखदून हसली. माझ्यानं तिथं बसवलं नाही.

यंदा काकू सोबत येते का? का एकटीच जातेस?

डबा वाजवत जाजो, माय.

तुझी,
रचना