एकशे दहा अंश आणि रिकामी जाळी

तीर्थरूप आत्यास,

लांबूनच वाकून नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा असल्याचं आईकडून कळलं. उजव्याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून विचारते. इकडे सगळे ठीक. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "अगं बाई!" म्हणतेस आणि माझं तिसरं वाक्य माझ्यापाशीच राहतं. या वेळी तिसऱ्या वाक्यापुढे बरंच आहे.

मुद्दा असा, की सिरॅमिकची कोळशाची शेगडी घ्यावी की नाही, हे मला ठरवायचं आहे. शेगडी म्हणजे कमरेएवढा उंच, जाड भिंतींचा, झाकणाचा रांजण समज. तळाशी हवेची एक झडप, माथ्यावर दुसरी, आत लोणारी कोळसा, त्यावर जाळी. झडपा नीट लावल्या तर कोळशाच्या एका भरणीवर ती दहा तास एकच तापमान धरून बसते. (दहा तास, आत्या! आमच्या प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीला स्वतंत्र खोली आहे आणि दिमतीला दोन माणसं आहेत, तरी तिला हे रोज जमत नाही.) वजन शहाण्णव किलो.

मी आधी रीतसर तक्ता केला. चौदा निकष, प्रत्येकाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे गुण. उत्तर आलं, घेऊ नये. 'उष्णता टिकणे' या निकषाला थोडे जास्त गुण दिले, घेऊ नये. 'वर्षातून किती वेळा वापर' हा निकषच काढून टाकला. तरी घेऊ नये. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई वीस वर्षं वजनकाटे तपासतात. त्या मागून वाकून म्हणाल्या, "पारड्यावर अंगठा ठेवून तोलतेयस, पोरी." मी तक्ता बंद केला. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यात प्रत्यक्ष मोजमाप कुठे होतं?

म्हणून गेल्या शनिवारी मी प्रयोगशाळेतून (लेखी परवानगीने) तापमापक आणि त्याच्या सहा तारा घेतल्या आणि दुकान गाठलं. तापमापकाची पेटी उचलायला बाबांना बरोबर नेलं. निवृत्त झाल्यापासून तुझा भाऊ कसा आहे, हे आई तुला सविस्तर सांगतेच. मी फक्त आकडा देते. कपबशा भाजायच्या कारखान्यात छत्तीस वर्षं भट्टी सांभाळलेला हा माणूस नऊ महिने दिवसाला सरासरी अकरा शब्द बोलत होता. त्यातले चार "गॅस बंद केला का?" हे.

तारा बघून दुकानदार उभाच राहिला. "मॅडम, आपण कुठल्या खात्यातून?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. ते त्याला पटलं नाही. त्याने दोन खुर्च्या पुसल्या, बाबांना "साहेब" म्हणायला सुरुवात केली आणि मागच्या आवारात एक शेगडी पेटवली. साहेबांवर छाप पडावी म्हणून दोन्ही झडपा सताड उघडल्या. वीस मिनिटांत तापमान तीनशे चाळीस! मी आकडा मोठ्याने वाचला, त्याला घाम फुटला आणि त्याने झाकणाकडे हात नेला.

"झाकणाला हात लावू नकोस!"

हे बाबा, आत्या. आवाज असा, की रस्त्यावरचा एक सायकलवाला खाली उतरला. "हवा एकदम आत गेली की भडका तोंडावर येतो. भुवया राहायच्या नाहीत. सरक बाजूला!" मग त्यांनी खालची झडप बोटभर फटीपर्यंत ओढली, वरची जेमतेम किलकिली ठेवली आणि उपड्या खोक्यावर बसले. तासाभराने वरच्या झडपेशी तळहात धरून म्हणाले, "एकशे दहा." माझा तापमापक एकशे बारा दाखवत होता. सोमवारी मी तो तपासला. तो दोन अंश जास्त दाखवतो.

पुढचे तीन तास आकडा जेमतेम हलला. मी दर पाच मिनिटांनी नोंद घेत होते आणि बाबा बोलत होते. भट्टीचं दार विटांनी कसं बंद करायचे, ज्वाळेच्या रंगावरून दिवस कसा जाणार ते कसं कळायचं, एका पावसाळी पहाटे कोळसा ओला निघाला आणि चार हजार बशा कशा वाचवल्या. चारशे शब्दांपर्यंत मी मोजले. मग मोजणं सोडून दिलं आणि प्रश्न विचारायला लागले. त्यांनी त्यांचीही उत्तरं दिली! शेवटी मी जाहीर केलं, चाचणी यशस्वी, चढउतार फक्त एक अंश. बाबांनी दुकानदाराला झाकण कसं उचलायचं ते शिकवलं: आधी दोन बोटं, थांबायचं, मग पूर्ण. त्याने उचललं. तिघेही आत वाकलो.

जाळी रिकामी होती.

तीन तास आम्ही एक रिकामी जाळी अत्यंत उत्तम भाजली होती. दुकानदाराने भाजायला आणलेली बटाट्यांची पिशवी खुर्चीवर तशीच होती. "मी मघाशीच विचारणार होतो," तो म्हणाला, "पण तुमचं काम सरकारी वाटलं." बाबा इतके हसले, की त्यांना खोक्याचा आधार घ्यावा लागला. मीही हसले, त्यामुळे त्या मिनिटाची नोंद घ्यायची राहून गेली.

निघताना बाबांनी दुकानातल्या सगळ्या शेगड्यांवर बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकला. कारखान्यात कपही असेच वाजवून घ्यायचे म्हणे; बद्द वाजला की आत चीर. सहापैकी पाच त्यांनी बाद केल्या (दुकानदाराचा चेहरा शेवटी बघवेना). सहावी खणकन वाजली. ते दोनदा तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "ही."

घरी आल्यावर आई म्हणाली, "गॅस आहे, ओव्हन आहे, आता रांजण? आणि बसवणार कुठे, माझ्या कपड्यांच्या दोरीखाली?" शिवाय इमारतीच्या नियमावलीत कलम सतरा आहे: गच्चीत किंवा बाल्कनीत कोळसा पेटवू नये. मी ते तीनदा वाचलं, फट नाही. बाबा म्हणाले, "नाही तर नाही." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा अकरा शब्दांवर आले. सोमवारी नऊ.

तर दोन्ही बाजू तुझ्यासमोर मांडल्या आहेत. मी स्वतः तटस्थ आहे. तुझं मत सवडीने कळव.

तुझी,
भाची

ता. क. सवडीने नको. शेगडी घेतली. मी नुसती बघायला गेले होते, पण एक परका माणूस बाबांच्या शेगडीवर टिचक्या मारत होता, तेही नखाने.

ता. क. २. तुझ्या मागच्या अंगणात नळाच्या डाव्या हाताची फरशी सपाट आहे आणि भिंत तिथून दीड मीटर लांब आहे. गेल्या महिन्यात तू दुपारी झोपली होतीस, तेव्हा मी मोजून ठेवलं. (हो, तक्ता त्यानंतर केला.) तिथे ठेवायला तुझी परवानगी हवी आहे. टेम्पो शनिवारी सकाळी दहाला येईल. दर शनिवारी मी बाबांना घेऊन येईन आणि बटाटे आमचे.

ता. क. ३. काल बाबा एका पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होते. मी दिसताच त्यांनी त्यावर हात ठेवला. माझा अंदाज आहे, की शेगडीवर पोरीचा जीव जडलाय, तुझं अंगण दे, असं त्यांनी तुला लिहिलं असेल. खुशाल खरं मान आणि हो म्हण. फक्त आधी त्यांना कळव, मला नको. मग ते आपणहून माझ्या खोलीत येऊन मला सांगतील. मी काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करून बसेन.