मेलेली नागवल्ली हसली

४ फेब्रुवारी
मला मारणार आहेत. जिन्यावरून पाडून! दिग्दर्शक इलंगोने कॉफी पिताना सांगितलं — "अम्मा, मनाला लावून घेऊ नका, नागवल्लीची गोष्ट आता संपली." वर म्हणतो, जिना मात्र फार छान शोधलाय.

सिनेमात आधी नायिकेची मैत्रीण झाले, मग नायकाची आई, आणि आता कित्येक वर्षं या मालिकेतली दुष्ट सासू नागवल्ली. मला शिव्या न घातलेली बाई अख्ख्या चेन्नईत सापडायची नाही. पण साठीला आलेल्या या मरगदमला आता कोण बोलावणार? खरं सांगायचं तर भीती वाटते. काम नसलं की मी घासलेली भांडी पुन्हा घासत बसते.

५ फेब्रुवारी
घरी सांगितलं. सून तेन्मोळी डोसा उलटत म्हणाली, "बरं झालं, अत्तै. भाजीवाल्या मला विचारतात, घरीही छळते का गं ती?"

"मग काय सांगतेस?"

"सांगते, घरी डोळे वटारायचे पैसे मिळत नाहीत, म्हणून वटारत नाहीत."

हसून हसून ठसका लागला.

७ फेब्रुवारी
मेले. हनुवटीला फडकं बांधलं, कपाळावर नाणं चिकटवलं, मालिकेतल्या सगळ्या सुना धाय मोकलून रडल्या. शॉट संपताच इलंगो म्हणाला, "चला जेवायला." मी उठलेच नाही. प्रेताचं काम केलं की त्याच कॅमेऱ्यात बघून हसायचं आणि मगच उठायचं, नाहीतर अपशकुन. आमच्यात सगळेच पाळतात. हा पोरगा नवा.

"अम्मा, सांबार गार होतंय."

"होऊ दे. मी हसल्याशिवाय कॅमेरा बंद करायचा नाही."

ठेवला बिचाऱ्याने चालू. फडक्यासकट हसले, चांगली मनापासून. या मालिकेत पहिल्यांदाच! नागवल्लीला हसायची सोयच नव्हती.

९ फेब्रुवारी
अरे देवा. संकलकाने घाईघाईत ते हसू कापलंच नाही! आज सगळ्यांनी पाहिलं — सुना छाती पिटताहेत आणि प्रेत दात काढतंय. तेन्मोळी जमिनीवर लोळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांच्या कामाचा शेवट म्हणजे हे हसं.

१० फेब्रुवारी
मासेवाली दारातच म्हणाली, "मला ठाऊक होतं, तू कसली मरतेस! सोंग सगळं. आता त्या थोरल्या सुनेला सोडू नकोस." वर एक तुकडा जास्त घातला.

संध्याकाळी इलंगोचा फोन. वाहिनीवाले खूश आहेत. नागवल्ली मेलीच नव्हती, सुनांची परीक्षा बघत होती, असं दाखवायचं म्हणे. सोमवारपासून या, पुढची काही वर्षं काळजी नको.

सुटले! देवापुढे कापूर लावला.

११ फेब्रुवारी
सकाळी कयल नावाची मुलगी आली. दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा करतेय. बसायच्या आधीच म्हणाली, "अम्मा, तुमचं ते हसू मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला वाटायचं, तुम्हाला नुसते डोळे वटारता येतात." उद्धट कार्टी! फार आवडली मला.

गोष्ट एका साठीच्या बाईची. देवळातल्या नादस्वरम वाजवणाऱ्याबरोबर पळून जाते! आणि ती बाई मी. नायिका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेण्यांत गजरे माळले, मला कुणी नवरी केलंच नाही. चित्रीकरण तिरुनेलवेलीला, तेही सोमवारपासूनच. मानधन जेमतेम. सिनेमा लागेल की डब्यात जाईल, तिलाही माहीत नाही.

"म्हणजे मालिका सोडावी लागेल," मी म्हटलं.

"हो," म्हणाली आणि आणखी एक डोसा मागितला.

ती गेल्यावर तेन्मोळीला विचारलं, काय करू? ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "पळून जायचं तर आधी चपला नव्या घ्या, अत्तै."

१२ फेब्रुवारी
इलंगोला फोन केला. म्हटलं, नागवल्ली खरंच गेली. तिच्या फोटोला हार घाला — आणि फोटो हसरा लावा.